शिंक्यातलं जनावर

पुण्याला पेठेत उंदीर पडायला लागले आणि शेजारच्या घरात प्लेगची पहिली गाठ आली, तशी धोंडाबाईंनी सुनेला घेऊन खंडाळा गाठलं. मुलगा दुकानासाठी मागे राहिला. सून नंदा तेव्हा पाचव्या महिन्यात होती. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. त्यामुळे सुइणीनं निघताना बजावलं होतं, पाय खाली टेकायचा नाही, दगदग नाही, दचकणं तर मुळीच नाही.

भाड्यानं घेतलेल्या बंगल्याला दरीच्या अंगानं लांब व्हरांडा होता. नंदाची बाज तिथंच टाकली. दिवसभर उताणं पडून राहायचं, म्हणजे बघायला वर काय ते होतं. आणि वर होती शिंकी. आधीच्या भाडेकरू मडमेनं तारेच्या टोपल्या करवून वाशांना टांगल्या होत्या. ती त्यांना बास्केट म्हणायची, झाडांना पाणी घालणारी हुस्नबानो शिंकंच म्हणायची. काहींत नेचे होते, पण नंदाच्या डोक्यावरच्या शिंक्यात एक वेल होती. पानं वरून रुपेरी पट्ट्यांची, पोटाकडून जांभळी.

हुस्नबानो बंगल्यामागच्या खोलीत राहायची. तिचा नवरा कादर घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता. आठ-आठ दिवस तिकडंच. बंगल्यातली झाडं हुस्नबानोकडे होती. धोंडाबाईंनी आल्या दिवशीच तिला सांगितलं, "व्हरांड्यापर्यंतच यायचं. उंबऱ्याच्या आत नाही. आणि झाडांची कळशी वेगळी ठेव."

"व्हय, आईसाब," ती म्हणाली. तिला त्यात नवीन काही नव्हतं.

रोज सकाळी ती स्टुलावर चढून प्रत्येक शिंक्याखाली तळवा धरायची. हलकं लागलं तर पाणी, जड लागलं तर उद्या. मग शिंकं थोडं फिरवून दुसरी बाजू उजेडाकडे करायची, लांबलेले शेंडे खुडायची. काठाचं शेवाळ वाळलं, की ओढ्यावरून ओलं आणून दाबून बसवायची. नंदा पडल्यापडल्या बघायची.

"मावशी, ह्या वेलीचे शेंडे खुडू नका ना," एकदा ती म्हणाली. "खाली येऊ दे. माझ्या हाताशी."

"खुडलं की दाट व्हती, धाकल्या बाई. न्हाई तर नुसतीच लांबती."

"लांबू दे की."

मग हुस्नबानोनं शिंक्याच्या काठापासून बाजेच्या उशाकडच्या दांडीपर्यंत तीन सुतळ्या बांधून दिल्या. वेल सुतळ्यांवरून उतरायला लागली. नंदा रोज नवं टोक सुतळीभोवती गुंडाळायची, मुलीची वेणी घालावी तसं. धोंडाबाईंना ते पसंत नव्हतं. "पाणी ठिबकतं, चिलटं होतात," त्या म्हणायच्या. पण सून त्या निमित्तानं हसते तरी, म्हणून गप्प बसायच्या. कार्तिकापर्यंत वेल दांडीला पोचली. नंदाला सातवा लागला.

त्या दिवशी जेवणं झाली होती. नंदा कुशीवर झोपली होती; शिवायला घेतलेलं टोपडं आणि कात्री उशाशी तशीच पडली होती. धोंडाबाई आत माळ ओढत होत्या. सकाळी हुस्नबानो ओढ्यावर गेली होती, म्हणून पाणी घालायचं राहून गेलं होतं. ती स्टूल घेऊन आली, हात वर केला, आणि थांबली.

वेलीत एक फांदी अशी होती, जिला पानं नव्हती.

हिरवीगार, बोटाहून जाड. शिंक्याच्या काठावरून निघून ती मधल्या सुतळीवर हातभर उतरली होती, आणि तिच्या टोकाला तिकोनी, चपटं डोकं होतं. हिरवा घोणस. हुस्नबानोनं तो करवंदीच्या जाळीत पाहिला होता. दिवसचा तो तासन्‌तास हलत नाही, पण कुणी हललं तर सोडत नाही. आत्ता त्याच्या डोक्याखाली, दीड हातावर, नंदाचा गाल होता.

हुस्नबानोनं हात खाली घेतला. इतका हळू, की बांगडीही वाजली नाही. फाटकाशी राखणदार गेणू बसलेला दिसत होता, मांडीवर काठी. तिच्या ओठावर त्याचं नाव आलं आणि तिनं ते गिळलं. गेणू धावत येणार, काठी मारणार, आणि जनावर पडणार ते थेट बाजेवर. नंदाला उठवावं, तर ती दचकून उठणार. डोकं सरळ त्या तोंडाशी. बाज ओढावी, तर सुतळ्या ताणून शिंकंच कलंडणार.

सुतळ्या आधी तोडायला हव्या होत्या.

तिनं उशाशी वाकून कात्री उचलली. पलीकडची सुतळी दोन बोटांत धरली, म्हणजे तुटल्यावर झटका बसू नये, आणि दांडीजवळ कात्री लावली. सुतळी तुटली. वेलीचा देठ कचकन मोडला. तो आवाज तिला दार आपटल्यासारखा वाटला. जनावर हललं नाही. तिनं सुतळी अलगद सोडली.

दुसरी अलीकडची. ती धरताना तिचा पदर नंदाच्या खांद्याला लागला. नंदानं झोपेत हुंकार दिला. हुस्नबानो तशीच वाकून उभी राहिली, कंबर भरून आली तरी. मग कापली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय चाललंय गं?"

धोंडाबाई माळ हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना दिसत होती ती झोपलेली गरोदर सून आणि तिच्या मानेशी कात्री घेऊन वाकलेली बाई. "अगं, तुला विचारते मी! हो बाजूला!"

हुस्नबानोनं नुसते डोळे वर नेले, मधल्या सुतळीकडे. धोंडाबाईंची नजर तिकडे गेली. हातातली माळ खाली पडली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला पाठ टेकवली.

पण नंदा जागी झाली होती. तिनं डोळे उघडले, आणि समोर तेच होतं. जीभ बारीकशी बाहेर येऊन आत गेली. नंदाच्या घशातून आवाज निघाला, पुरती किंकाळी न झालेला.

"डोळं मिटा," हुस्नबानो कुजबुजली. "धाकल्या बाई, माझं ऐका. डोळं मिटा. हलायचं न्हाई."

नंदानं डोळे मिटले. तिचा श्वास वरच्यावर चालला होता. सगळं अंग दाबून धरलं तरी पोट तिच्या हातात नव्हतं. लुगड्याखाली बाळानं लाथ मारली आणि निऱ्या हलल्या. सापानं डोकं थोडं मागं घेतलं, मानेचा वाकडा आकडा केला.

"आईसाब," हुस्नबानो त्याच आवाजात म्हणाली, "पायताकडनं बाज धरा. मी सुतळी तोडते आन् जनावर माझ्याकडं वढून धरते. मी व्हय म्हणलं की वढा. वर बघू नगा."

धोंडाबाई साठीच्या होत्या, गुडघे धरलेले. त्या भिंतीपासून सुटल्या, पायताकडे आल्या, ओणव्या झाल्या आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

मधली सुतळी उरली होती. खाली दांडीजवळ कापायची, म्हणजे हात सापाच्या खालून न्यायचा. हुस्नबानोनं डाव्या हातानं सुतळी धरली, उजव्यानं कात्री चालवली आणि सुतळीसकट ते हिरवं ओझं स्वतःच्या बाजूला ओढलं.

"व्हय!"

बाज फरशीवर खरखरत मागे सरकली. त्याच क्षणी सापानं तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तोंड मारलं. निखारा टेकवावा तसं झालं. तिनं सुतळी सोडली नाही. बाज अजून पुरती निघाली नव्हती. नंदाचं डोकं शिंक्याखालून निघालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हाच मूठ उघडली. साप अंग वर ओढून पानांत शिरला.

"गेणू! अरे गेणू!" आता धोंडाबाई ओरडल्या.

गेणूनं लांब काठीच्या आकड्यानं शिंकं काढलं, दरीच्या कडेला नेऊन ठेवलं आणि मग तो स्टेशनाकडे पळाला. हुस्नबानो पायरीवर बसली होती. अंगठा डोळ्यांदेखत फुगत होता. धोंडाबाईंनी स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून तिच्या मनगटावर आवळली, आणि तिचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. बाजेवरून नंदा विचारत होती, "त्यांना काही होणार नाही ना? सांगा ना, आई."

मालगाडीच्या गार्डानं हुस्नबानोला आपल्या डब्यात घेऊन लोणावळ्याला पोचवलं. हात खांद्यापर्यंत सुजला, काळानिळा झाला, ताप चढला. कादर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. इकडे बंगल्यात संध्याकाळी नंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. धोंडाबाई एरंडेलाचा दिवा लावून तिच्या उशाशी बसल्या आणि दर कळेला तिचा हात दाबत राहिल्या. उजाडायच्या आधी कळा थांबल्या.

हुस्नबानो परतली तेव्हा हाडं वर आली होती आणि अंगठा वळत नव्हता. धोंडाबाईंनी सगळी शिंकी मागच्या चिंचेखाली नेऊन टांगायला लावली होती. नंदाला आता छपराकडे बघवत नसे. हुस्नबानो रोज चिंचेखाली जायची, काठीनं प्रत्येक शिंकं लांबून हलवायची आणि तांब्यानं पाणी फेकून परत यायची. शेवाळात हात घालणं तिला जमेना. नेचे कडेनं तपकिरी पडले.

"राहू दे ती झाडं," धोंडाबाई एकदा म्हणाल्या. "कुणी बोलणार नाही तुला."

"मलाच बघवत न्हाई, आईसाब. मराया लागल्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन गेली. बराच वेळ उभी राहिली. मग चांगला हात एका शिंक्याखाली नेला आणि तळवा टेकवला. शिंकं अगदी हलकं होतं. तिनं ते उतरवलं, पाण्याच्या घंगाळात बुडवलं, आणि बुडबुडे येईपर्यंत दाबून धरलं.

माघात नंदाला मुलगी झाली. बारीक होती, पण रडली जोरात. बाराव्या दिवशी धोंडाबाईंनी हुस्नबानोला उंबऱ्याच्या आत बोलावलं आणि पाळण्याची दोरी तिच्या त्या न वळणाऱ्या अंगठ्याच्या हातात दिली. नंतर त्यांनी आंघोळ केली की नाही, हे हुस्नबानोनं विचारलं नाही. तिनं चारदा झोका दिला, मुलीचं तोंड नीट पाहून घेतलं, आणि नेच्यांना पाणी घालायचं राहिलंय म्हणून बाहेर गेली.