बोबेलिनचे दोन डावे हात

"घ्या, ब्लाझेनाकाकू! चौतीस वर्षांनी एकदाचा उजवा हात!"

वीतने लाकडाचा ताजा कोरलेला हात त्यांच्या मांडीवर ठेवला. ब्लाझेनाकाकू जादूगार बोबेलिन या कठपुतळीच्या झग्याच्या काठात शिशाचे मणी शिवत होत्या. वजनाशिवाय बाहुलीचा झगा नीट पडत नाही. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. अंगठा असायला हवा तिथेच होता.

चूक त्यांचीच होती. चौतीस वर्षं या हातापायी त्यांनीच नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. पहिल्या खेळाच्या घाईत ओल्द्रिखने बोबेलिनला दोन्ही हात डावेच कोरले. बाह्या चढवताना काकू किंचाळल्या होत्या, "अरे ओल्दा, हे काय करून ठेवलंस?" "कोण बघतंय!" म्हणाला तो. पहिल्याच रांगेतल्या पोरीने बघितलं आणि भर खेळात ओरडून विचारलं. वर फळीवर दोऱ्या धरून उभ्या असलेल्या ओल्दाने बोबेलिनच्या आवाजात फटकन सांगून टाकलं, "काय करणार बाळ, हात वाटत होते तेव्हा मी उशिरा पोचलो!"

अख्खी शाळकरी फौज खो खो हसली. तेव्हापासून बोबेलिन सगळीकडेच उशिरा पोचू लागला. कपाळावरचा चष्मा राजवाडाभर शोधू लागला, बदकांना घाबरू लागला, चूक कबूल करायची वेळ आली की हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. बोहेमियातल्या त्या लहानशा गावात दर रविवारी तीन वाजता पोरं त्याच्यावर जीव टाकायची, आणि घरी काकू ओल्दाच्या नेमक्या याच खोडींवरून त्याच्याशी भांडायच्या.

ओल्दा फेब्रुवारीत गेला. आज त्याच्याशिवायचा पहिला खेळ होता. घड्याळं दुरुस्त करणारा वीत दोऱ्या धरणार होता. मंडळातला सगळ्यात नेटका माणूस.

"ओल्दाकाकांची टाइप केलेली कागदं शब्दन् शब्द घोटलीयत," वीत म्हणाला. "तो उशीर, तो चष्मा, ती बदकं, कागदावर यातलं काही नाहीच. ते आपले मनचं घुसडायचे. मी कागदाबाहेर जाणार नाही बघा. हात बसवू ना?"

'नको' ओठांवर आलं होतं. पण ज्यासाठी इतकी वर्षं भांडलो, ते समोर आल्यावर नको तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"बसव," काकू म्हणाल्या.

वीतने त्यांना आग्रहाने प्रेक्षकांत नेऊन बसवलं. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली ढवळायची आणि रविवारी पडद्यामागे बाहुल्यांचे कपडे बदलायचे, यात त्यांनी खेळ समोरून असा कधी पाहिलाच नव्हता.

बोबेलिन वेळेवर आला. चष्मा नाकावरच होता. मंत्र अचूक, हात चोख. पोरं शहाण्यासारखी गप्प बसून राहिली. शेजारची एक लहानगी जांभई देऊन आईला म्हणाली, "हा आपला बोबेलिन नाहीये."

ओल्दाला मातीत ठेवलं ते ठेवलंच, पण उरलासुरला होता तो आज आपणच आपल्या तोंडाने घालवला.

तिसऱ्या अंकात राजाची मेजवानी आली. या वेळी काकू नेहमी मागच्या खोलीत तोंडात टाचण्या धरून राजकन्येचा लग्नाचा झगा चढवत असायच्या. बोबेलिन सगळ्यांना वाढू लागला. "घ्या अजून! हे काय खाणं झालं? चिमणी जास्त खाते!" राजा म्हणाला, "बोबेलिन, तू पण बस ना." "बसतो, बसतो," म्हणत तो कोपऱ्यात गेला, सगळ्यांकडे पाठ केली आणि पातेल्यात डोकं घालून उभ्याउभ्याच खरवड खाऊ लागला. राणीने सुपाचं कौतुक केलं, तर फणकारला, "खारट झालंय!"

त्या दुपारी पोरं पहिल्यांदा हसली.

काकू मात्र खिळून बसल्या. ही खोड ओल्दाची नव्हती. आणि वीत तर कागदाबाहेर जाणारा नव्हे. म्हणजे हे कागदावर होतं! स्वतःच्या खोडी वाऱ्यावर सोडल्या आणि बायकोची तेवढी टाइप करून जपून ठेवली मेल्याने! त्यांना वाटायचं, याचं आपल्याकडे लक्षच नसतं. त्या हसल्या, रडल्या, शेजारच्या लहानगीने दिलेल्या रुमालाला नाक पुसलं. केवढे उपकार केलेस रे ओल्दा, असं मनात म्हणाल्या.

खेळ संपल्यावर त्या तडक मागे गेल्या.

"वीत, तो डावा हात कुठंय?"

"खणात आहे. का? माझं काही चुकलं का, काकू?"

"कुठं चुकलास? तीच तर पंचाईत झाली! हा उजवा काढ आणि तो परत बसव. आणि पेन्सिल घेऊन बस. ओल्दाच्या खोडी कागदावर नाहीत म्हणालास ना? माझ्या तोंडपाठ आहेत. चौतीस वर्षं रोज ऐकवल्यात त्याला."

वीत लिहू लागला. चव न बघताच मीठ टाकतो. पत्त्यांत हरला की गुडघा दुखायला लागतो. छत्री विसरतो आणि दुसऱ्याचीच घेऊन येतो. पान भरत आलं.

"पुढे लिही. जेवायला हाक मारली की म्हणतो, 'आलोच'."

"आलोच," वीतने लिहिलं. "आणि?"

"आणि येत नाही."

वीतची पेन्सिल थांबली. त्याने हळूच विचारलं, "मग बाकीच्यांनी काय करायचं, काकू?"

"काय करायचं म्हणजे?" काकूंनी सुईत दोरा ओवला. "सूप गरम ठेवायचं."