डावा पाय

गिअरबॉक्स जॅकवर उतरला. देवाजीने प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडवले, आतली क्लचप्लेट काढली आणि ट्रकखालून सरकत बाहेर आला. प्लेट इतकी झिजली होती की रिव्हेटांची डोकी उघडी पडून चमकत होती. त्याने ती उन्हात धरून उलटसुलट पाहिली, जळकट वास घेतला. मग बेअरिंग बोटावर फिरवलं. ते खरखरलं.

सुगत टायरला टेकून उभा होता. मोहाडीच्या राइस मिलचा हा ट्रक सहा लाख किलोमीटर चालला होता आणि त्यातली एकोणीस वर्षं तो सुगतच्या हातात होता. त्याच्याकडे क्लचप्लेट तीन-तीन वर्षं टिकते, असं मिलमधले ड्रायव्हर एकमेकांना सांगत. ही प्लेट देवाजीनेच मागच्या दिवाळीनंतर बसवली होती. अजून वर्ष झालं नव्हतं.

देवाजीची नजर प्लेटवरून उठली ती सुगतच्या डाव्या गुडघ्यावर गेली.

“पाय पेडलवरच ठेवून चालवून राहिला का गा?”

सुगतने डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. मग सगळं सांगून टाकलं. पाय दर वेळी उचलताना गुडघ्यातून कळ निघते, म्हणून तो पेडलवरच राहू देतो. घराबाहेर हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

“शेठले नोको सांगू,” तो म्हणाला. “गाडी गेली तर मी दिवसभर काय करू?”

देवाजीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक तयार झाला तेव्हा मिलचे मालक चंद्रकुमार स्वतः करडीच्या फाट्यावर देवाजीच्या दुकानात आले. सोबत मिलचा दुसरा ड्रायव्हर भुपेंद्र होता. त्यांनी काही विचारायच्या आधीच देवाजी पुढे झाला. चूक माझी आहे, म्हणाला. मागच्या वेळी मीच हलकी प्लेट टाकली, या कामाची मजुरी मी घेत नाही. बाकावर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुगत जमिनीकडे बघत राहिला.

चंद्रकुमारांनी सगळं ऐकून घेतलं आणि चावी भुपेंद्रकडे दिली.

“सुगतभाऊ, उद्यापासून तुमी मिलच्या वजनकाट्यावर बसा,” ते म्हणाले. “पगार तोच राहील. पायालेही आराम भेटंल.”

पायाबद्दल कोणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

भुपेंद्रने ट्रक सुरू केला. पहिला गिअर आवाज न करता पडला, आणि गाडी एकही झटका न देता रस्त्याला लागली. मालकांची मोटारही मागोमाग गेली. सुगत मात्र तिथेच उभा होता.

“फोन कवा केला शेठले?”

हात पुसता पुसता देवाजी थांबला. “मी कोणाले फोन नाही केला.”

“माहा पाय तुलेच ठाऊक होता.”

मग सुगत बोलत सुटला. इथे चारचौघांत चूक अंगावर घ्यायचं नाटक केलंस आणि मागून माझ्या पोटावर पाय दिलास, म्हणाला. मिलच्या बाकीच्या गाड्यांचं काम मिळावं म्हणून मला विकलंस, असंही म्हणाला. बाकावरच्या दोघांनी चहा अर्धाच ठेवला. देवाजीने शपथ घेतली नाही की आवाज चढवला नाही. एकेक पाना उचलून त्याने पेटीत ठेवला आणि भर दुपारी शटर खाली ओढलं.

सुगत घरी पोचला तेव्हा त्याची बायको रत्नमाला अंगणात तांदूळ पाखडत होती. देवाजीने काय केलं ते त्याने उभ्या-उभ्याच सांगितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं.

“देवाजीभाऊनं नाही सांगितलं,” ती म्हणाली. “मी गेली होती मिलमधी.”

ती मान खाली घालून सांगत गेली. मागच्या महिन्यात ती बहिणीकडे जायला ट्रकमधून निघाली होती. धान खरेदी केंद्राजवळच्या चढावर त्याचा पाय पेडलवरून सटकला आणि ट्रकने पुढे उसळी घेतली. समोर पोती शिवत बसलेल्या बाईच्या पाठीशी, वीतभर अंतरावर, तो बंद पडला. कोणाला सांगू नको, असं तो म्हणाला होता आणि तिने हो म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून तिला ती पाठ दिसत होती.

“मले पहिले काहून नाही सांगितलं?”

“तुमी जाऊ देलं असतं का?”

त्याने पायातल्या चपला काढल्या.

“कोण्या दिवशी गेली होती?”

“बुधवारी.”

बुधवार त्याला चांगला आठवत होता. त्या संध्याकाळी ती त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती आणि तो तिला सांगत होता की देवाजी नवा क्लच असा नरम करून देईल की पाय नुसता टेकवला तरी दबेल. अजून पाच वर्षं काही होत नाही. ती म्हणाली होती, बरं होईल. तिचा हात थांबलाही नव्हता.

सुगत ओट्यावर बसला. तिने पाण्याचा गडू आणून ठेवला, त्याला त्याने हात लावला नाही.

“देवाजीभाऊले काई म्हणू नोका,” ती हळूच म्हणाली. “त्यायचा काई दोष नाही.”

“म्हणून झालं,” तो म्हणाला.

तो उठला आणि चपला घालू लागला. फाटा तीन किलोमीटर होता. सायकल भिंतीला टेकलेली होती, पण ती त्याने दिवाळीपासून काढली नव्हती. तिने मोबाइल पुढे केला. फोनच करा ना, म्हणाली.

“फोनवर नाही होत ते.”

देवाजी दुकानात असेल की घरी, आणि घरी असला तरी दार उघडेल की नाही, याचा त्याला अंदाज नव्हता. तलावाच्या बांधावरून तो डावा पाय ओढत चालू लागला. ऊन उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने मागून पावलं ऐकू आली. रत्नमाला दहा-बारा पावलं मागे येत होती, पदर खोचलेला, हातात काही नाही. तो थांबला नाही. ती जवळ आली नाही. घरी जा, असंही त्याने तिला म्हटलं नाही.