संध्याकाळच्या बोटीपर्यंत

केबल कारमधून उतरता उतरता नोलीनने टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"आधी चहा घेऊ," ती सुनेला म्हणाली. "मग बाग बघू."

रेविनने नुसती मान हलवली. सकाळी दहाला समितीपुढे त्यांचा अर्ज होता. सहा वर्षं या सासूसुनांनी दारोदार हिंडून त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या. रेविनच्या नवऱ्याची, ब्रेंटची, बुडालेली मासेमारीची बोट समुद्रतळावरून वर काढावी, म्हणजे आत अडकलेल्या ब्रेंटला मातीत तरी ठेवता येईल, एवढंच मागणं होतं. समितीने बारा मिनिटं ऐकून घेतलं. खोली फार आहे, पाणबुड्यांच्या जिवाला धोका आहे, विषय आता कायमचा मिटवत आहोत, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. तेही अगदी हळुवार. पलीकडच्या बेटावर घरी नेणारी फेरीबोट संध्याकाळची होती. मधला वेळ वेलिंग्टन बघण्यात घालवू, असं नोलीननेच सुचवलं.

चहाच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "स्कोनवर क्रीम देऊ का?"

"दे, भरपूर दे," नोलीन म्हणाली आणि तो गोडसर पाव सगळा संपवून बोटाला लागलेला जॅमही तिने चाटला. रेविनने कप तसाच बाजूला ठेवला. पोराचा शेवटचा निकाल लागलाय आणि ही बाई खातेय कशी, तिला कळेना.

बागेत वाऱ्याने ट्युलिप जमिनीला टेकवले होते. नोलीन प्रत्येक वाफ्यापाशी थांबली. मग दोघी खाली बंदरावरच्या संग्रहालयात गेल्या. तिथे काचेच्या टाकीत, दक्षिणेच्या थंड समुद्रातून आणलेला स्क्विड जातीचा अजस्र माकूळ पसरून ठेवला होता.

"एवढं धूड वर काढता आलं यांना," रेविन म्हणाली.

नोलीन पाटी वाचत राहिली.

"आई, ऐकलंत का?"

"ऐकलं. चल, इथे गार लागतंय."

बाहेर धक्क्यावरच्या बाकावर बसल्यावर नोलीनने हातमोजे काढले, परत घातले.

"मी आज परत येत नाहीये, रेविन."

"म्हणजे?"

"इथेच न्यूटाउनला एक खोली घेतलीय भाड्याने. मागच्या महिन्यात फोनवर ठरवली. कपडे पोस्टाने पाठवलेत."

"मागच्या महिन्यात? अहो, समिती काय म्हणणार ते तरी कुठे माहीत होतं?"

"हो म्हणाले असते तरी मी राहणारच होते." नोलीन पाण्याकडे न बघता बोलत होती. "गावात मी दुकानात शिरले की बोलणारे गप्प होतात. सहा वर्षं झाली. आज त्या पोरीने मला फक्त क्रीमचं विचारलं."

गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी रेविन सासूच्या स्वयंपाकघरात अर्जाची पत्रं लिहायला बसत आली होती. नवरा गेल्यावर घर रिकामं झालं, असं लोक म्हणत. खरं तर ते आज होणार होतं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे बघितलं की मला तोच दिसतो गं," नोलीन म्हणाली. मग "वाईट वाटून घेऊ नकोस," असं म्हणाली, पण ते तिलाच पटलं नसावं.

न्यूटाउनच्या बसच्या थांब्यावर वारा माणसाला उभं राहू देईना. रेविनने सासूचा दंड घट्ट धरला. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती.

"इकडे नवीन दिसता," ती नोलीनला म्हणाली.

"आजच आले राहायला."

"एकट्याच? मुलंबाळं?"

रेविनच्या बोटांखाली तो दंड ताठ झाला.

"नाही हो," नोलीन म्हणाली. "झालीच नाहीत."

बाईने सहानुभूतीने मान हलवली. मग तिची नजर रेविनकडे वळली. "तुम्ही यांच्या कोण?"

बस वळणावर दिसू लागली होती. नोलीन समोर बघत होती. तिचे डोळे वाऱ्याने भरून आले होते, किंवा आणखी कशाने.

"कुणी नाही," रेविन म्हणाली. "वारा फार आहे ना, म्हणून हात धरला होता."

आणि बस थांबल्यावर तिने तो सोडला.