सोळा डबे की चार

विभागप्रमुख गुरुपादप्पा सरांना रॅक भरलेला हवा होता. आता याला काय म्हणावं! उद्‌घाटनाला पाहुणे येणार, नारळ फुटणार, फोटो निघणार, आणि कपाटासारख्या त्या रॅकमध्ये चारच सर्व्हर? "रिकामं दिसतंय, सुकन्या. लोक हसतील. त्याच पैशात सोळा येऊन राहिलेत की."

सुकन्याचं डोकं तापलं होतं. गोदावरीच्या पुराचा अंदाज बांधणारा तिचा प्रोग्रॅम नांदेडच्या कॉलेजात याच यंत्रांवर चालायचा होता. निवड चुकली की सगळी मेहनत पाण्यात. पुराच्या हिशेबात नदीचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला सारखा विचारतो, तुझ्याकडं पाणी किती? सोळा स्वस्तातले सर्व्हर, नुसते डबे, साध्या केबलनं जोडले की निम्मा वेळ विचारण्यातच जातो. चार दणकट, जास्त मेमरीचे, वेगवान जोडणीचे घेतले तर काम होतं. पण सरांना हे सांगणार कोण? तिनं सांगितलं, दहादा सांगितलं. शेवटी ती हट्टानं त्यांना लातूरला विक्रेत्याकडं घेऊन आली.

विक्रेत्याचं नाव श्रीमंत, माणूस गोडबोल्या. त्यानं छोटंसं गणित लावलं आणि सोळा डब्यांनी ते भुर्रकन सोडवलं.

"बघ," सर म्हणाले.

"हे खेळणं हाय, सर. पूर्ण नदी लावा. मागच्या पावसाळ्याचा पूर."

श्रीमंतचा चेहरा उतरला. तरी त्यानं सकाळीच दोन्हीकडं एकदम सुरू केलं. पुराच्या दिवशी धरणाचं पाणी सकाळी याच वेळेला सुटलं होतं आणि सरांच्या गल्लीत शिरेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. म्हणजे उत्तर त्याआधी यायला हवं, नाहीतर उपयोग काय, डोंबल!

पहिल्या चहालाच चार सर्व्हरांचा नकाशा पूर्ण झाला. सोळांचा मात्र हलेना. सुकन्या सारखी पडद्याकडं बघत होती. मध्येच बंद पडला तर सर म्हणतील, तुझाच प्रोग्रॅम बिघडलाय.

जेवणाची वेळ झाली. श्रीमंतनं जेवणाचा डबा पुढं केला, सरांनी हातही लावला नाही. ते सोळांच्या पडद्याजवळ गेले आणि नदीकाठच्या एका गल्लीवर बोट ठेवलं.

"हे आमचं घर न्हवं का? इथं अजून कोरडंच दावतंय."

"हाव, सर."

"या वेळेला मी आईला पाठीवर घेऊन निघालो होतो. पाणी कमरेला. पाय घसरला माझा, म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. तवापासून अंथरुणात हाय." सरांचं बोट गल्लीवरून हललं नाही. "त्या चारांनी कधी सांगितलं असतं?"

सुकन्याला खोटं बोलावंसं वाटलं. जीभ रेटेना.

"पहिल्या चहाला, सर. तुमच्या आई आपल्या पायानं चालत गेल्या असत्या."

सरांनी गल्लीवरचं बोट काढलं. मग श्रीमंतकडं न वळताच म्हणाले, "चार द्या."