एका तुफानाची दोन टोकं

कडूबा येणार म्हणून शेषरावांनी सकाळीच दाढी केली, आणि निघताना आरशात पाहून पुन्हा एकदा केली. विमलबाई चुलीपाशी बसून बेसनाच्या पातोड्या कापत होत्या.

"सोयरीक पाहाले येऊन राह्यले का कोनी तुमची?" त्यांनी विचारलं.

शेषरावांनी ते कानाआड केलं, टोपी घातली आणि जानेफळच्या एसटी स्टँडची वाट धरली. मळ्यातली वांगी तोडायची राहिली होती, ती राहू दिली.

दोघं नौदलात एकाच जहाजावर होते. शेषराव इंजिनाकडे, कडूबा वर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत. त्या बोटीवर बुलढाणा जिल्ह्यातले दोघंच. एक जानेफळचा, एक बीबीचा. मग एक तुफान आलं, त्यात कडूबाला लागलं, त्याला पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात उतरवलं आणि तिथूनच त्याची दुसऱ्या जहाजावर बदली झाली. पुढं तो विशाखापट्टणमलाच घर करून राहिला. शेषराव गावी परतून भाजीपाला पिकवू लागले. चाळीस वर्षांच्या वर होऊन गेलं. आता पुतण्याच्या लग्नाला कडूबा बीबीला आला होता. मांडवात कोणा माजी सैनिकाकडे त्याला शेषरावांचा नंबर सापडला, आणि काल फोन आला तो नाव न सांगताच. "शेषा, जित्ता हायस का बे?"

मेहकरकडून गाडी आली. बायाबापड्या उतरल्या, पोती उतरली, आणि शेवटी एक जाडजूड, टकल्या म्हातारा खाली आला. जमिनीला पाय लागताच त्यानं ते फाकवून रोवले. जहाजावर राहिलेली माणसं अशी उभी राहतात, जमीन कधी हलेल याचा भरवसा नसल्यासारखी. शेषरावांना चेहरा पाहायची गरज पडली नाही. दोघांनी एकमेकांना अशी मिठी घातली, की शेजारच्या पानठेल्यावरची माणसं पान लावायचं थांबून पाहत राहिली.

"लय वाळला बे तू," कडूबा म्हणाला.

"आन् तू काऊन असा फुगला?"

स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता कसा सरला ते शेषरावांना कळलं नाही. ‘म्हातारी’ हे त्यांच्या जहाजाचं नाव. कागदोपत्री वेगळं होतं, पण खलाशी तिला म्हातारीच म्हणायचे, कारण पाणी जरा उसळलं की तिच्या हाडाहाडातून आवाज यायचा. त्या म्हातारीचं एकेक दार, एकेक शिडी दोघं चालता चालता आठवत होते. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं ते पुरं करावं. शेषरावांचा आवाज इतका चढला होता की समोरून येणाऱ्या शेजारच्या गोकुळनं विचारलं, "काका, भांडन हाय का?"

"नाही बापा," शेषराव म्हणाले, "दोस्त हाय."

ओसरीवर ताटं मांडली. सून अनुपमा वाढत होती. तिनं पातोड्यांचा रस्सा वाढला तसा कडूबानं ताट दोन्ही हातांनी उचलून एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या बाजूला, आणि रस्सा थेट काठापर्यंत नेऊन एक थेंब न सांडता परत आणला.

"असं जेवा लागे, बाई," तो अनुपमाला म्हणाला. "टेबलावर ओलं फडकं टाकायचे, म्हंजे ताट घसरत नसे. पन रस्सा कोन धरून ठेवीन?"

"झोपाचं सांग," शेषराव म्हणाले.

"झोपताना लुंगीनं सोताले पलंगाले बांधून घ्याचं. एक पोट्टा होता मद्रासकळचा, त्यानं गाठ ढिली मारली. सकाळी पाह्यतो तं हा बुवा वरच्या पलंगावरून खालच्याच्या छातीवर, आन् दोघंबी घोरून राह्यले."

विमलबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शेषरावांनी आचाऱ्याचं सांभार छताला कसं लागलं ते सांगितलं. कडूबानं एका उडणाऱ्या मासोळीनं मुकादमाच्या थोबाडीत कशी मारली ते सांगितलं. भाकरी ताटात गार होत होती आणि दोघांनाही तिची शुद्ध नव्हती.

"मामाजी," अनुपमा सासऱ्यांना म्हणाली, "काकाले ते बादलीचं सांगा नं."

बादलीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. अंदमानच्या वाटेवर तुफान लागतं, शेषराव ओकून ओकून बेजार होतात, जहाजाच्या शेपटाकडच्या एका खोलीत बादलीला मिठी मारून बसतात. बादली घरंगळली की तेही तिच्यामागं घरंगळतात. नातवंडं या जागी हसून लोळायची. शेषरावांनी ती आताही रंगवून सांगितली, जागेवरून उठून, बादलीऐवजी तांब्या पोटाशी धरून. अनुपमा हसली. कडूबा मात्र हसला नाही.

"एवळंच सांगतं तू घरी? बादली?" त्यानं ताट बाजूला सारलं. "वहिनी, इकळे येऊन बसा. चूल राहू द्या."

विमलबाई हात पुसत येऊन बसल्या.

"आमी अंदमानले धान्य आन् दवाई घेऊन चाल्लो होतो," कडूबा सांगू लागला. "तुफान वरच्या अंगानं निंघून जाईन म्हने. नाही गेलं. वळलं आन् आमच्या मांगं लागलं. दुपारच्या वक्ताले सांज झाल्यावानी अंधार. त्यात सुकाणू फिरवाची मोटर पान्यानं बंद पडली."

"मंग काय करतेत?" अनुपमानं विचारलं.

"मंग हातानं. शेपटाकळे, पान्याच्या खाली एक लोखंडी खोली असते. त्यात एक मोठं चाक. तिथं दोन मानसं उतरवली. एकाचा खांदा निखळला, त्याले वर काढलं. राह्यला कोन? हा. हा आन् याची बादली."

शेषरावांना आता गप्प बसवेना. "तिथं खिडकी नाही," ते म्हणाले, "होकायंत्र नाही. जहाज कोन्या दिशेनं चाललं काही दिसत नाही. फक्त एक फोन. विजेचा नव्हे, मानसाच्या आवाजावरच चालनारा. वरून हा सांगे, तेवळं मी चाक फिरवो."

"इंग्रजीतले हुकूम होते, बाई. पन तिथं एवळा खडखडाट, का अर्धा शब्दच पोचे. हा उलटं फिरवे. मी घाबरलो. म्हनलं, मरतो आता. आन् माह्या तोंडातून निंघालं, अबे शेषा, डाव्या अंगानं घे, डाव्या."

"ते मले चोख ऐकू आलं," शेषराव म्हणाले.

"कप्तान साहेब तामिळी. मी काय बोलून राह्यलो त्याईले एक अक्षर समजे नाही. माह्याकळे डोळे वटारून पाह्यलं. पन जहाज वळलं. त्याईनं समोर पाह्यलं, मंग माह्याकळे, आन् म्हने, यही बोलो. यही बोलते रहो."

अनुपमानं टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. कडूबाही गुडघ्यांवर बसला होता, त्याचा चेहरा लाल झाला होता. दोघं आळीपाळीनं सांगत होते, एक वरचं, एक खालचं. वर लाट दिसली की खाली काय झालं, खाली चाक अडलं की वर काय झालं. शेषरावांना वाटलं, ही गोष्ट आपण इतकी वर्षं एका डोळ्यानं पाहत होतो, आज दुसरा उघडला.

"आन् मंग ते मोठी लाट," शेषराव म्हणाले. ते अंगणात उतरले आणि अनवाणी उभे राहिले. "खोलीच वर चालली. वर, वर, थांबेच नाही. जहाज ढकलनारा पंखा पान्याबाहेर निंघाला, सारं लोखंड थरथर कापे. आन् शेपूट उजवीकळे सरकाले लागलं. तवा तू सांगितलं, उजव्या अंगानं घे, शेषा, पुरं घे. मी चाकावर लटकलो. बादली गेली, मी नाही सोडलं. मंग ते सरकनं थांबलं, आन् म्हातारी सरळ झाली."

कडूबानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला.

"काय नाही सांगितलं?"

"उजव्या अंगानं घे म्हून. त्या लाटेले मी फोनवरच नव्हतो बे." त्यानं ओठ वर करून पुढचे दोन बनावट दात दाखवले. "लाटेनं म्हातारीले उचललं न्, तवाच फेकल्या गेलो. तोंड लोखंडावर आदळलं, जबडा मोडला. फोनची वायर तुटली. शुद्ध आली तं जखमी मानूस नेयाच्या झोळीत होतो."

"म्यां ऐकलं, कडूबा. या कानानं ऐकलं."

"मंग वायर जोडून दुसऱ्या कोनी सांगितलं असन. मले आजपावतर तसंच वाटे."

"दुसरा कोन म्हनन मले शेषा?"

विमलबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे.

कडूबानं खिशातून मोबाइल काढला. "कुलदीपले विचारतो. तो कप्तान साहेबाच्या बाजूले उभा होता." कुलदीपसिंग होशियारपूरचा, पुढं कडूबाबरोबर दुसऱ्या जहाजावर होता, दर दिवाळीला त्यांचा फोन व्हायचा. पलीकडून घोगरा आवाज आला. कडूबानं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ओसरीच्या कडेला ठेवला आणि विचारलं, त्या मोठ्या लाटेच्या वेळी खाली हुकूम कोणी दिला?

"किसी ने नहीं," कुलदीप म्हणाला. "तार तो टूट गई थी, मेरे पाँव में लिपटी पड़ी थी. कप्तान साहब चिल्ला रहे थे, राइट, पूरा राइट. पर सुनाने वाला कौन था? तू तो गिरा पड़ा था. मैंने वाहेगुरु का नाम लिया. और जहाज़ अपने आप घूम गया, राइट को. साहब को आख़िर तक यही लगा कि फ़ोन चालू था."

"नीचे शेषराव था."

"अकेला?"

"अकेला. मेरे सामने खड़ा है."

मग कुलदीप म्हणाला, "उसको बोल, मेरे चार पोते हैं. उनकी तरफ़ से राम-राम."

शेषराव अंगणातच उभे होते. कोणी मोठ्या माणसानं पाठीवर थाप मारावी तसं काही तरी अंगातून चढत होतं. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. लहानपणी कपाशीची बैलगाडी घेऊन नाल्याच्या उतारावर यायचे, काळी माती ओली असली की गाडीचं मागचं अंग असंच एका बाजूला घसरायचं. आधी पायांना कळायचं, मग डोक्याला. ज्या अंगाला शेपूट घसरेल त्याच अंगाला बैल वळवायचे, नाही तर गाडी आडवी. हे त्यांना कोणी शिकवल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी ते जसं सुचलं तसं, अडखळत, सांगितलं.

"मंग आवाज कोनाचा होता?" विमलबाईंनी विचारलं.

"काकाचाच असन," अनुपमा म्हणाली. "दिवसभर तोच कानात होता न्. मनानं तोच धरला असन."

कडूबा उठला. अंगणात गेला आणि शेषरावांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवू लागला. हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अबे बह्याळा," तो म्हणत होता, "अबे येड्या, दीडशे मानसं बे. आन् तू बादली सांगत फिरतं."

"मले काय ठाव?" शेषरावही हसत होते. "मले वाटे, तूच वाचवलं."

मग त्यांना एकदम काही तरी आठवलं. त्यांनी कडूबाचा हात घट्ट पकडला. "ते लाट कशी होती, सांग. मी पाह्यलीच नाही. कोनाले विचारलंबी नाही."

कडूबानं अंगणातल्या कडुलिंबाकडे बोट केलं. "हा लिंब पाह्य. याच्यावर अजून एक लिंब ठेव. आन् त्याच्या शेंड्यावर पांढरा फेस, वाऱ्यानं पिंजलेल्या कापसावानी. खालून हिरवी, काचेवानी. आरपार उजेड दिसे तिच्यातून. मी तोंड उघडं टाकून पाह्यत राह्यलो, म्हून तं दात गेले."

शेषराव मान वर करून लिंबाच्या शेंड्याच्याही वर पाहत राहिले. दुसरा लिंब त्यांना दिसत असावा. तोंड किंचित उघडं होतं.

विमलबाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. "त्या साली दीपक माह्या पोटात होता," त्या म्हणाल्या. "आन् तुमी सुट्टीत येऊन मले बादली सांगितली. मी लय हासली होती."

"तू हासावं म्हूनच सांगितली," शेषराव म्हणाले.

विमलबाईंनी पदर खोचला. "मले समुद्र पाहाचा आहे," त्या म्हणाल्या. "टीव्हीतला नाही. हे ज्याच्यात होते तो."

"चला न् मंग," कडूबा म्हणाला. "माह्या घराच्या गच्चीवरून दिसते. मी पुढच्या हप्त्यात वापस जाऊन राह्यलो. संगच चला."

शेषराव म्हणाले, वांगी तोडणीला आलीत. विमलबाई म्हणाल्या, वांगी दीपक तोडीन. तिथं तो विषय संपला.

पुढच्या आठवड्यात तिघं मलकापूरच्या फलाटावर उभे होते. विमलबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि दशम्यांची पिशवी कोणाच्या हातात देत नव्हत्या. गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याची एक बाई बसली होती. तिनं सहज विचारलं, कुठं चाललात म्हातारपणी इतक्या दूर? कडूबानं घसा साफ केला. शेषरावांनीही तोंड उघडलं. पण विमलबाईंनी दोघांनाही हातानं थांबवलं आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

"तुमी राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी सांगतो. हे पाहा बाई, जहाजाच्या शेपटाकळे, पान्याच्या खाली, एक लोखंडी खोली असते."