कलहंसाचं पीस, तळ्याकाठी, पहाट

त्या वर्षी थंडी आलीच नाही. म्हणजे कॅलेंडरात आली, दुकानांच्या काचांमागे स्वेटर आले, पण प्रत्यक्ष थंडीने गावाला चक्क टांग दिली. बाकीच्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कपडे लवकर वाळतात म्हणून लोक उलट खूशच होते. हाल झाले ते एकट्या बगळेबुवांचे.

बगळेबुवा हे अर्थातच खरं नाव नव्हे. पण फोटो काढण्यासाठी गुडघाभर पाण्यात मान उंच करून तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षं त्यांचा एकच विषय होता, तळ्यावरचा हिवाळा. काठच्या गवतावरची बर्फाची नक्षी, आणि दूर उत्तरेकडून येणारे कलहंस. हिवाळा सरता सरता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. यच्चयावत मंडळी यायची, प्रत्येक फोटोसमोर ‘वा’ म्हणायची आणि पुढे सरकायची. खरं सांगायचं तर त्या ‘वा’वरच बुवा उरलेलं वर्ष काढायचे.

यंदा आणखी एक भानगड होती. अर्धं तळं बुजवून तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करायचं नगरपालिकेच्या मनात होतं. त्याविरुद्ध तळ्यावर जीव असलेल्या पंधरा-वीस लोकांनी अर्ज केला होता. यंदा थंडी पडली नाही, पक्षी आले नाहीत, तळ्याचं काहीतरी बिनसलंय, तेव्हा आधी चौकशी करा आणि मग काय ती माती टाका, असं त्यात लिहिलं होतं. पहिली सही बगळेबुवांची होती. सोबत पुरावा म्हणून त्यांचेच बावीस वर्षांचे फोटो जोडले होते. दुसरा पुरावा कुणाकडे नव्हताच. पहाटे चारला उठून पक्षी मोजायला गावात दुसरं होतं कोण?

अर्ज देऊनही बुवांनी आशा सोडली नव्हती. पंचेचाळीस पहाटा ते लपणात बसले. लपण म्हणजे पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून काठावर बांधलेली गवताची खोपटी. कलहंस सोडाच, कलहंसांचा निरोपही आला नाही. डास मात्र सहकुटुंब आले. शेवटी बुवांनी ट्रायपॉड खांद्यावर टाकला आणि घरी येऊन जाहीर केलं की मिळेल त्यातून सौंदर्य काढतो तोच खरा कलावंत. मग त्यांनी गळक्या नळाचे फोटो काढले. दोरीवरच्या ओल्या मोज्यांचे काढले. मोज्यांत त्यांना एकाकीपणा दिसला.

त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिला मोज्यांत फक्त भोक दिसलं. एकाकीपणा आवरून झाला असेल तर चार महिने सांगतेय तो फ्रीजर साफ करा, असं ती म्हणाली.

बुवांनी फ्रीजर उघडला आणि उघड्या दारासमोर तसेच उभे राहिले. आतल्या भिंतींवर बर्फाची अशी काही पानंफुलं उमटली होती की तळ्याने बावीस वर्षांत दाखवली नसतील. बायकोने साफ करायला सांगितलेल्या वस्तूकडे कुठल्याही नवऱ्याने इतक्या भक्तिभावाने पाहिलं नसेल. त्यांनी जवळून फोटो काढायची लेन्स लावली. अभ्यासाच्या दिव्याला पिवळा कागद गुंडाळून सूर्य उगवायला लावला. पुढचे पंधरा दिवस घरात कुणी आइस्क्रीम आणायचं नाही, असा फतवा निघाला. पाहुण्या आलेल्या सासूबाईंच्या उशीतलं एक पीस हळूच ओढून बुवांनी बर्फावर ठेवलं. सासूबाई पलंगावरून सगळं बघत होत्या, पण जावयाला बोलायचं नाही म्हणून गप्प बसल्या.

फोटो अप्रतिम आले, यात वाद नाही. घोटाळा झाला तो चिठ्ठ्या लिहिताना. बावीस वर्षं प्रत्येक फोटोखाली ते विषय, जागा आणि वेळ लिहीत आले होते. हात सवयीचा, पेन सवयीचं. लिहून गेले: ‘कलहंसाचं पीस. तळ्याकाठी, पहाट.’

बायकोने चिठ्ठी वाचली. “पीस उशीतलं आहे. हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे. मग खाली हे काय लिहिलंय?”

“ती काही नोंद नाही गं,” बुवा म्हणाले. “तो भाव आहे.”

विज्ञानाच्या तासाला असा भाव लिहिला तर मी शून्य देते, एवढं बोलून ती वह्या तपासायला बसली. चिठ्ठी फाडायला एक क्षण पुरला असता. पण प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं, आणि ‘फ्रीजर, दुपार’ असं लिहिलेल्या फोटोला कुणी ‘वा’ म्हणेल का, या विचाराने बुवांचा हात मागे आला.

प्रदर्शन तुफान गाजलं. पिसासमोर तर रांग लागली. एका बाईंनी डोळे पुसले. नगरपालिकेत तळ्याचं खातं सांभाळणारे साहेब स्वतः आले होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी जवळ जाऊन वाचली आणि बुवांचा हात दोन्ही हातांत घेऊन अभिनंदन केलं. बुवा हवेत होते.

आठवड्याने अर्जाची सुनावणी झाली. साहेबांनी समोर प्रदर्शनातला एकच फोटो ठेवला, तो पिसाचा, आणि थंडी पडली आहे, बर्फ आहे, पक्षी येऊन पीससुद्धा टाकून गेले आहेत, असं शांतपणे वाचून दाखवलं. तळ्याची प्रकृती ठणठणीत आहे, आणि हे दुसरं कुणी नव्हे, पहिले अर्जदारच सांगत आहेत.

 उरलेले अर्जदार बुवांकडे बघू लागले. त्या नजरा झेलण्यापेक्षा डास परवडले, असं त्यांना वाटलं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलायला हवी, ते पळाले नाहीत. ते उभे राहिले आणि त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्यातून फोटो कातरण्याआधीचा मूळ फोटो काढून साहेबांपुढे धरला. त्यात बर्फाची पानं होती, पीस होतं, आणि उजव्या कोपऱ्यात अर्धं मटारचं पाकीट होतं.

“हा माझ्या घरचा फ्रीजर आहे,” ते म्हणाले. “यंदा तळ्यावर काही नव्हतं. मी खोटं लिहिलं.”

सभागृह खदखदून हसलं. बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण छातीवरचा दगडही उतरला. निदान तळं वाचलं, असं त्यांच्या मनात आलं. शेजारी बसलेल्या बायकोने त्यांचा दंड हलकेच दाबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी बुवांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि तो फोटो पुराव्यातून काढून टाकायला कारकुनाला सांगितलं. मग फाइलीत मागे जाऊन बावीस वर्षांचा गठ्ठा उचलला. कुडकुडत्या पहाटा, बधिर झालेली बोटं, पाण्यावर उतरणारे शेकडो कलहंस. प्रत्येकाखाली त्याच हाताने लिहिलेली तीच ओळ होती. तळ्याकाठी, पहाट.

“हेही काढावे लागतील,” साहेब म्हणाले.

“ते खरे आहेत,” बुवा म्हणाले.

“असतीलही. पण कुठला फोटो तळ्याचा आणि कुठला फ्रीजरचा, ते मी कसं ठरवू? आणि हे काढले, तर इथे पक्षी कधी येत होते याला पुरावा काय उरला?”

बुवांनी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं. 

“मी पाहिलेत,” ते म्हणाले.

साहेबांनी कारकुनाला तसंच लिहून घ्यायला लावलं. इथे पक्षी येत असत असं अर्जदाराचं म्हणणं आहे, पुरावा नाही. कागद बुवांपुढे सरकवला. बुवांनी सही केली. साहेबांनी ती निरखून पाहिली आणि अगदी मऊ आवाजात, अदबीने विचारलं, “ही सही तरी तुमचीच आहे ना?”