घरची बाई

मला शिसारी आली ती आमच्या ह्यांची. यांची सख्खी बहीण आतल्या खोलीत मरून पडलेली, आणि हे बाहेरच्या खोलीत उभे राहून भिंतीवरचं घड्याळ केवढ्याचं असेल याचा अंदाज घेत होते. या घरात पाऊल टाकलं तर अंगाला घाण लागते, असं म्हणत आले जन्मभर. आज बरं लागलं पाऊल.

वन्संचं आणि त्यांच्या सोबतिणीचं चष्म्याचं दुकान. वन्सं काचा घासायच्या, ती गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघायची. दोघी जोडीदारासारख्या एकत्र राहायच्या आणि ते लपवायच्या नाहीत. देव मानत नव्हत्या, तेही लपवलं नाही. मी मानते, रोज हात जोडते. वन्सं त्यावरून मला कधी हसल्या नाहीत. पण आजारात मला बजावून ठेवलं होतं, की माझ्यावर कुणी प्रार्थना म्हणायची नाही, आणि माझं शेवटचं आवरायचं ते हिनंच.

यांनी सोबत एक प्रार्थना सांगणारे गृहस्थ आणले होते. ते ऐसपैस बसले, चहात बिस्किटं बुडवून खाल्ली आणि तोंड पुसत म्हणाले, की अशा बाईला निदान जाताना तरी शुद्ध करायला हवं. अंगाला हात घरच्याच बाईचा लागला पाहिजे, परकीचा नको. यांनी मान डोलावली. जिवंतपणी ढुंकून पाहिलं नाही आणि मेल्यावर मालकी सांगायला पुढे!

ती गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. यांनी तिच्या तोंडाकडेही न बघता भांडं काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू जा आत. तू घरची."

तिचे हात तसेच हवेत राहिले. या माणसाला मी इतकी वर्षं गरम गरम वाढत आले, याचीच किळस वाटली.

मी एका हातानं भांडं सांभाळलं, दुसऱ्यानं तिचं मनगट धरून तिला आत ओढलं. हिला कशाला, म्हणून हे ओरडले.

"घरची बाई हवी होती ना? ती ही. मी नुसतं पाणी धरायला."

मी आतून कडी लावली. थोडा वेळ दार वाजलं, मग मुद्दाम मोठ्यानं प्रार्थना सुरू झाली. रोज मी म्हणते तेच शब्द, पण त्या तोंडून ऐकवेनात. तिचा हात थांबला. मी दारापाशी गेले.

"अहो, बंद करा ते. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. आणखी एक शब्द ऐकू आला तर मी घरी येणार नाही, इथंच राहीन."

प्रार्थना मध्येच तुटली.

तिनं वन्संना पुसून घेतलं, कपडे बदलले, केस विंचरले. मग उशाजवळचा चष्मा घेऊन काचा स्वच्छ केल्या, त्यांच्या नाकावर चढवला आणि दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून पाहिलं.

"डावीकडे जरा खाली आलाय, ताई," मी म्हटलं.

तिनं तो सरळ केला.